उजव्या कानातलं कुर्र

शेळी घेताना लोक आधी कास बघतात, मग दात बघतात. मी आधी तिच्या मागं जाऊन उभी राहते आणि जिभेनं हलकं टक् करते. तिचे लोंबते कान माझ्याकडं वळले तर समोर येऊन भावाचं बोलायला लागते. नाही वळले तर विकणाऱ्यानं कितीही शपथा घातल्या तरी मी पुढच्या दावणीकडं निघते. बहिरं जनावर रानात हाकेला येत नाही आणि मागून लांडगा आला तरी त्याला कळत नाही.

आमच्या बाजारात पुरुषांचे सौदे टॉवेलाखाली होतात. दोघं हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. बाईनं परक्या पुरुषाच्या हातात हात कसा द्यायचा? म्हणून मी पहिल्यापासून तोंडानं भाव करत आले, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा. नवऱ्याचं घर सोडून तेरजवळच्या आमच्या गावात परत आले तेव्हा माझ्याकडं दोन शेरडं होती. आज माझा स्वतःचा टेम्पो आहे, गावाच्या कडेला माझ्या नावावरचं घर आहे, आणि उमरग्यापर्यंतच्या बाजारांत दलाल मला वाट देतात. हे सगळं आवाजावर उभं राहिलं. तो वाढत गेला तसा रागही वाढत गेला. तेही खरं आहे.

हे सगळं सांगायचं कारण माझी भावजय. तिच्यावर माझा राग आहे. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तिचं जे कौतुक करणार आहे ते तोंडदेखलं नाही हे कळेल.

भावाला पहिला मुलगा झाला तेव्हाची गोष्ट. आमच्यात बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. ती बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र म्हणते, नाव सांगते, आणि भोवतीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. एवढा एकच मान आत्याचा असतो. मी सख्खी आत्या, एकटी. बाजारातून निघाले, बाळासाठी घुंगरांचे चांदीचे वाळे घेतले, आणि वाटेत टेम्पोचं चाक बसलं. फोन करून सांगितलं, येतेय, थांबा. पोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. चुलत बहिणीनं नाव सांगून टाकलं होतं आणि ती धपाटे खाऊन पेढा चघळत बसली होती. कुणीतरी म्हणालं, मुहूर्त टळत होता. कुणीतरी हळूच म्हणालं, शेरडाच्या वासाचे हात बाळाला कशाला. भावजय पाळण्याजवळ खाली मान घालून बसली होती. एक शब्द बोलली नाही. मी वाळे परत पिशवीत टाकले आणि तशीच घरी आले. पाच वर्षं ते माझ्या पेटीत होते आणि पाच वर्षं मी तिच्याशी सरळ बोलले नाही.

मग जुळ्यांच्या वेळी तिला भलत्याच आधी कळा सुरू झाल्या. दोन महिने अजून जायचे होते. भाऊ ढोकीच्या बाजूला साखर कारखान्यात फिटर आहे. गाळप जोरात होतं, त्याला पाळीवरून सुटता येईना. टेम्पो माझा होता. मी तिला धाराशिवला सरकारी दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेत ती कण्हत होती आणि मी खड्ड्यांना शिव्या देत होते. एकमेकींशी आम्ही एक शब्द बोललो नाही.

मुलगा आधी आला, मग मुलगी. दोघांना काचेच्या पेटीत ठेवलं. मुलगा निदान रडला तरी. मुलीला श्वासाचं मशीन लावलं, ते बरेच दिवस राहिलं. नंतर तिला कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली ठेवलं. माझ्याकडं जुळी करडं होतात. आमच्या भागातल्या काळ्या शेळीला जुळं होणं नवलाचं नाही. पण करडू पडल्या पडल्या धडपडत उभं राहतं, आईच्या आवाजाकडं तोंड वळवतं. ही मुलगी माझ्या तळहाताएवढी, तोंडात नळी, डोळ्यांवर पट्टी. मी काचेवर बोटानं टकटक केलं, नेहमीच्या सवयीनं.

सिस्टर धावत आली. "ओ मावशी! काचेवर वाजवायचं न्हाय. आत त्याचा ढोलासारखा आवाज होतो. या टायमाला त्यांनी पोटात असायचं. तिथं आईचा आवाज पाण्यातून मऊ मऊ येतो. इथं आमच्या मशिनी वाजतात, तेवढंच लई झालं त्यांना."

मी हात मागं घेतला. कुणी बोललेलं मी ऐकून घेत नाही, पण ते ऐकून घेतलं.

थोडं वजन धरल्यावर सिस्टर म्हणाली, आता बाळांना उघड्या छातीशी धरायचं, कातडीला कातडी लावून, तासन्‌तास. आईच्या छातीशी बाळ तगतं. पण बाळं दोन, आई एक, तिच्या पोटाला टाके. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही आत्या ना? अंघोळ करून या. साबण लावून, नखं कापून."

मी अंघोळ करून आले. पाच वर्षांपूर्वी ज्या हातांना वास येत होता त्याच हातांत सिस्टरनं मुलगी दिली. भावजयीनं मुलाला घेतलं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, दोघी पातळाखाली बाळ बांधून बसलो. आणि बोलत नव्हतो.

सिस्टर म्हणाली, "बोला की बाळांशी. हळू आवाजात. आईचा, आत्याचा आवाज कानावर पडू द्या."

मी कधी हळू बोलले नव्हते. काय बोलायचं तेही सुचेना. मग मी मुलीला म्हणाले, "बाई, तुझ्या आईला विचार, जेवली का म्हणून."

शेजारच्या खुर्चीतून भावजय मुलाच्या टाळूवर ओठ ठेवून म्हणाली, "बाळा, तुझ्या आत्याला सांग, जेवले. त्यांनी डब्यात मीठ टाकलं नव्हतं."

"तुझ्या आईला सांग, डॉक्टरनं मीठ कमी सांगितलंय."

"तुझ्या आत्याला सांग, कमी सांगितलंय, बंद न्हाय सांगितलं."

सिस्टर पाठमोरी होऊन हसत होती. असं आमचं बोलणं सुरू झालं. कोणाच्या पाठीत कळ येते, कारखान्यावर भाऊ काय खातो, पोरगं घरी शेजारणीपाशी नीट राहतंय का, सगळं त्या दोन टाळूंवरून जायचं. त्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं. खुर्चीत बसून बसून तिचे पाय सुजायचे. टाके ओढायचे. पण मुलाला सोडायची वेळ झाली की ती म्हणायची, अजून थोडं. मुलाला पेटीत ठेवलं की मुलीकडं हात करायची, आता ती द्या. मी दोन हातांनी दोन जनावरं ओढत आयुष्य काढलं, मला दमणं काय ते माहीत आहे. ही बाई दमलेली होती आणि दमलेय असं म्हणत नव्हती.

घरी सोडायच्या आधी कान तपासले. इवलीशी गोळी कानात बसवतात, मशीन त्यातून बारीक आवाज सोडतं आणि कानातून परत काय येतं ते टिपतं. मुलाचे दोन्ही कान बरोबर निघाले. मुलीच्या तपासणीत मशीननं नापास दाखवलं. तिथल्या कान तपासणाऱ्या मॅडम शांत बाई होत्या. म्हणाल्या, इतक्या लवकर आलेल्या बाळात असं होतं, कानात ओलावा असला तरी होतं. पण ही लवकर आली, मशीनवर राहिली, कावीळ झाली, म्हणून हिला सोडायचं नाही. परत आणायची. परतही नीट आलं नाही तर मोठी तपासणी.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर भावजय थांबली. पाच वर्षांत पहिल्यांदा ती थेट माझ्याशी बोलली.

"वन्सं, बारसं आता करायचं न्हाय."

"का?"

"नाव कानात सांगायचं असतं. हिला कान हाय का न्हाय ते कळल्याबिगर कुणाच्या कानात सांगायचं? आणि एकट्या पोराचं करून हिचं ठेवायचं न्हाय. दोघांचं एकदमच करू."

माझ्या डोक्यात भलतंच आलं. वाटलं, हिला मला पुन्हा टाळायचंय, म्हणून कानाचं निमित्त. मी जाऊन टेम्पोत बसले. टेम्पोचं दार आपटलं.

दुसरी तपासणीही नापास आली. गावात बायांना विषयच मिळाला. भावाच्या समोरच्या घरात जुळ्यांच्याच आठवड्यात एक मुलगा झाला होता, एकटाच, पूर्ण दिवसांचा. तो आता कडी वाजली तरी मान वळवायचा, आईच्या बांगड्या ऐकून हात पाय झाडायचा. त्याची आजी त्याला मुद्दाम आमच्या ओट्यावर आणून बसायची.

"आमचा बघा, कसा वळतोय. तुमची दोगंबी निवांतच. बारसं कवा करताय? का नुसतं बंड्या-बंडी म्हणायचं?"

मी तोंड उघडलं तसा भावजयीनं माझा हात दाबला. "काकू, तुमचा पोटातनं शिकून आलाय," ती म्हणाली. "आमची इथं शिकतायत. वेळ लागंल."

मला हे गप्प बसणं जमणारं नव्हतं. म्हातारी गेल्यावर मी स्वयंपाकघरातून पितळी थाळी आणली. जुळी एकाच गोधडीत, एकाच फडक्यात गुंडाळलेली, पोटात असल्यासारखी अंगाला अंग लावून. मी मागं जाऊन उभी राहिले आणि पळीनं थाळी वाजवली. दोघं एकदम दचकली. चारही हात वर.

"ऐकते!" मी ओरडले. "बघितलंस? दोघं ऐकतात! तुझ्या त्या मशीनला काय कळतंय?"

भावजयीला आनंद व्हायला हवा होता. ती मुलीकडं बघत राहिली. मग तिनं मुलाला फडक्यातून सोडवलं आणि आतल्या खोलीत नेलं. तिथून म्हणाली, "आता वाजवा. पण हळू. माणूस बोलतंय तेवढंच."

मी चमच्यानं थाळीच्या काठावर टिचकी मारल्यासारखं वाजवलं. आतून भावजयीचा आवाज आला, "हा दूध प्यायचा थांबला बघा." इकडं मुलगी कुशीवर पडून भिंतीकडं बघत होती. पापणी हलली नाही. मी परत वाजवलं. तिनं जांभई दिली.

मी चमचा खाली ठेवला. जोडीला बांधलेलं जनावर विकणाऱ्याची ही सगळ्यात जुनी लबाडी. आंधळी शेळी धडधाकट शेळीच्या अंगाला लावून बांधायची, एक चालली की दुसरी चालते, गिऱ्हाईक फसतं. आयुष्यभर मी जनावर सुटं करून पारखत आले, आणि माझ्याच भाचरांना एका फडक्यात ठेवून थाळी बडवली.

"तुला कसं कळलं गं?"

"दूध पाजताना," ती म्हणाली. "दोघं एकदम अंगावर असली की काही वाजलं तर हा थांबतो. मग ह्याचा हात हिला लागतो, मग ही थांबते. ही एकटी असताना अशी थांबत न्हाय. लई दिवस बघतेय मी. तुम्हाला बोलले न्हाय, तुम्ही भांडाल म्हणून."

"कुणाशी भांडणार मी?"

"तुम्हाला भांडायला कोण लागतंय का?"

मोठ्या तपासणीला आम्ही तिघं गेलो, मी, भावजय आणि मुलगी. मुलाला शेजारणीकडं ठेवलं. या तपासणीत बाळ झोपलेलं लागतं. कपाळाला आणि कानामागं वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात, आणि आवाज डोक्यापर्यंत पोचतो का ते मशीनवर रेघांत दिसतं. भावजयीनं सकाळपासून मुलीला झोपू दिलं नव्हतं. वाटभर तिला गाणी म्हणत, पायाला गुदगुल्या करत आणली होती, म्हणजे तिथं दूध पिऊन गाढ झोपेल. टेम्पो चालवता चालवता मला तिचा आवाज ऐकू येत होता, बसलेला, घोगरा, पण थांबत नव्हता.

मॅडमनी वय विचारलं. भावजय म्हणाली, पाच महिने.

"वेळेआधी किती?"

"दोन महिने."

"म्हणजे तीन महिने धरायचं," मॅडम म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

माझं डोकं तिथं फिरलं. बाजारात वय कमी सांगणं हा धंदाच आहे. म्हाताऱ्या शेळीला दोन दाती म्हणून विकतात, दात घासून. मला वाटलं इथंही तेच. पोर ऐकत नाही म्हटल्यावर आता वय खाली करून गप्प बसवायला निघाल्यात.

"वय असं कमी करता येत न्हाय!" मी म्हणाले. बाहेरच्या बाकांवरची माणसं आत बघायला लागली. "जन्मल्याच्या दिवसापासून मोजा. पाच म्हणजे पाच. समोरच्या घरातलं पोर त्याच आठवड्यातलं हाय, ते वळतंय. मला शेरडाचं वय कळतं, माणसाचं कळत न्हाय व्हय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. "मावशी, मला हे बाळ विकायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "विकायला म्हणून मी वय कमी केलं असतं, तर तुमचं बरोबर होतं. आता ऐका. समोरचं पोर पोटात पूर्ण दिवस राहिलं. शेवटचे दोन महिने त्यानं आतून आईचा आवाज ऐकला. कानापासून डोक्यापर्यंतची वाट तिथंच पक्की होत गेली. तुमच्या दोघांना ते दोन महिने पेटीत काढावे लागले. मग त्या पोराची आज तुलना कशाशी करायची? त्याच्या दोन महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी. तेव्हा ते वळत होतं का?"

मी आठवलं. नव्हतं वळत. तेव्हा म्हातारी त्याला ओट्यावर आणतच नव्हती.

"जुळं आहे म्हणून कान कच्चे असं न्हाय," मॅडम पुढं म्हणाल्या. "जुळी बाळं जास्त करून लवकर येतात, बारीक असतात, म्हणून मागं दिसतात. बहुतेक मागून येऊन गाठतातही. पण कुठलं मागं आहे आणि कुठल्या कानात खरंच काही आहे, ते तपासल्याशिवाय कळत न्हाय. म्हणून वय नीट धरायचं. खोटं वय धरलं तर माझं मशीनही खोटं सांगेल."

मी आयुष्यात कुणाला इतक्या लवकर भाव सोडला नाही. भावजय मुलीला पाजत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

मुलगी झोपली. वायरी लावल्या. आम्हाला बोलायची मनाई होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. भावजय खुर्चीत, मांडीवर मुलगी, आणि तिचा उजवा हात मुलीच्या छातीवर इतका हलका ठेवलेला की श्वासाबरोबर वर खाली व्हायचा. खूप वेळ ती तशीच बसली होती. माशी बसली तरी तिनं हात हलवला नाही. मशीनकडं तिनं एकदाही बघितलं नाही, मुलीकडंच बघत होती.

शेवटी मॅडमनी सांगितलं. उजवा कान चांगला आहे, वयाच्या मानानं अगदी बरोबर. डाव्या कानात मोठा आवाज सोडला तरी डोक्यापर्यंत काही पोचत नाही.

मी म्हणाले, "मॅडम, अजून एकदा बघा. थोडा मोठा आवाज करा. कायतरी असंल की."

"केला मावशी. जेवढा करता येतो तेवढा केला."

"मग थोडं... कमी जास्त..."

त्यांनी मान हलवली. तिथं काही खाली-वर होणार नव्हतं.

भावजयीनं फक्त एक विचारलं. "एका कानानं बोलायला येईल?"

"येईल. नीट येईल. लक्ष ठेवावं लागेल, दर थोड्या महिन्यांनी आणावी लागेल, त्या कानाला जपायचं, सर्दी झाली तरी दाखवायचं. शाळेत बसवताना बाजू बघायची. पुढं मशीन लागलं तर तेही बघू. आणि एक सांगते, जुळ्यांना लोक दोघांना मिळून एकदम बोलतात. मग एकेकाच्या वाट्याला निम्मंच येतं. हिच्याशी वेगळं बोला, त्याच्याशी वेगळं. उजव्या बाजूनं."

भावजयीनं मुलीचा उजवा कान तळहातानं झाकून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे उजव्या कुशीवर निजली की तिला काही ऐकू येत न्हाय. परवा थाळीच्या वेळी ती उजव्या कुशीवर होती."

मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या. मीही.

परतताना ती मागं बसून मुलीच्या उजव्या कानाशी बोलत होती. ही तेरणा, ह्यात पाणी आहे. हा उसाचा ट्रॅक्टर, त्याचं मागचं ट्रेलर वाजतंय ते ऐक. ही तुझी आत्या, तिनं पुन्हा हॉर्न मारलाय. घरी गेल्यावर तिनं तसं रोजचं करून टाकलं. मुलाला घेऊन भाकरी करताना एक बोलायची, मुलीला घेऊन अंगणात वेगळं बोलायची. दोघांना कधी एकच गोष्ट सांगितली नाही. पाळण्यात मुलीला डाव्या कुशीवर टेकवायची, तोंड घराकडं होईल अशी, आणि ती झोपेपर्यंत पाठीवर हात ठेवून जागी बसायची. मोठा मुलगा, घरात भाकरी-धुणं, पाळीवरून येणारा नवरा, आणि वरून हे. मी माझ्या दावणीतलं एखादं आजारी जनावर सांभाळताना गावभर बोंब मारते. ही बाई काही बोलत नव्हती, फक्त करत होती. मुलगी आता तिचा आवाज आला की तोंड फिरवू लागली, तेही समोरचा वळला होता त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, मॅडमच्या हिशोबानं.

मग बारसं ठरलं. भाऊ मला सांगायला आला. मी म्हणाले, "तिला सांगू दे."

"आक्का, आता तरी सोड की."

"तिनं सांगावं."

बारशाच्या दिवशी मी मुद्दाम बाजारला गेले. तसा मी हिशोब केला होता. पुन्हा थांबले नाहीत तर माझं पाच वर्षांचं खरं ठरेल. थांबले तर बघू. एका बोकडाचा सौदा चालू असताना फोन वाजला. भावजयीचा होता.

"वन्सं, कुठं हायत तुम्ही?"

"कामात हाय."

"मुहूर्त गेला. गेला तर गेला. बाया बसल्यात, चहा दोनदा झाला. पाळणा म्हणायचा न्हाय असं म्या सांगितलंय. तुमची चुलत बहीण उठून पुढं आली होती, तिला खाली बसवलं."

बोकडाचा मालक माझ्या तोंडाकडं बघत होता.

"मागच्या वेळी मी नवी होते," ती म्हणाली. "मला कोण विचारत होतं? सासरच्या चार बाया, मी एक शब्द काढला असता तर..."

"काढायचा होता."

"व्हय. काढायचा होता." फोनवर मागं बाया बोलताना ऐकू येत होत्या. "आता काढतेय. माझ्या लेकीला एकच कान हाय. तुमच्याएवढा आवाज गावात दुसऱ्या कुणाचा न्हाय. चुलत बहिणीचं कुर्र तिला ऐकू तरी जाईल का?"

बोकड मी मालकानं सांगितलेल्या किमतीलाच, घासाघीस न करता, घेऊन टाकला. तो अजून सांगतो की त्या दिवशी मी तापात होते.

पेटीतले वाळे मी आदल्या दिवशीच चिंचेनं घासून ठेवले होते, ते पिशवीत होते. दोन पाळणे नव्हते, एकाच पाळण्यात दोघं, पण आता मधे उशी ठेवलेली. मी एक वाळा मुलाच्या पायात घातला, एक मुलीच्या. भावजयीनं बघितलं आणि ओळखलं. "ते काळे पडले न्हाईत वाटतं," ती म्हणाली. मी म्हणाले, "चांदी हाय ती."

मुलाच्या कानात आधी सांगितलं. बायांनी धपाटे घातले, नेहमीचे. मग भावजयीनं मुलीला उचलून माझ्या हातात दिलं, डोकं अलगद वळवून, उजवा कान माझ्याकडं. मी तोंड कानाशी नेलं. उभ्या आयुष्यात मी एवढं हळू बोलले नव्हते. कुर्र म्हणाले, नाव सांगितलं. मुलीनं तोंड माझ्याकडं फिरवलं, एकदम, आणि तिचं नाक माझ्या गालावर आदळलं. पायातला वाळा वाजला. ती थांबली. मग तिनं मुद्दाम परत पाय झाडला आणि वाजला का ते ऐकत राहिली.

बायांनी धपाटे घातले. त्यातला एक इतक्या जोरात बसला की माझा श्वास अडकला. मागं वळून बघितलं तर भावजय होती, हात अजून वर धरलेला.

"हा आताचा," ती म्हणाली. "मागचा राहिलेला अजून द्यायचाय."

तिनं तोही दिला. पाठ संध्याकाळपर्यंत दुखत होती. राग अजून आहे, तो मी सोडलेला नाही. पण दर तपासणीला टेम्पो मीच काढते, मुलीला आईच्या मांडीवर माझ्या डाव्या बाजूला बसवते, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडं राहतो, आणि रस्त्यावर जे जे दिसतं ते तिला हळू आवाजात सांगते.